दहावीचा 'निरोप' की 'सदिच्छा'?

खाडीकाठची (देवगड): आमच्या हायस्कुलातल्या दहावीच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला द्यायची आहे. मी 'निरोप समारंभ' लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते खोडून 'सदिच्छा समारंभ' केलं. परीक्षेच्या तोंडावर निरोप बरा दिसत नाही म्हणे. मला पटत नाही. सदिच्छा कुणालाही, कधीही देता येतात. पाचवीपासून डोळ्यांसमोर वाढलेली मुलं आता जाणार, हे त्यात कुठे येतं? तुमच्याकडे काय छापतात? आणि जूनमध्ये येणाऱ्या पाचवीच्या मुलांसाठी 'नवागतांचे स्वागत' याहून साधं काही सुचवा.

निवृत्त शिक्षक, गुहागर: वरिष्ठांचं बरोबर आहे. 'अखेरचा निरोप' वाचून वाचून त्या शब्दाला आता सुतकी कळा आली आहे. आम्ही सरळ 'सेंडॉफ' म्हणायचो. नववीची मुलं वर्गणी काढून खाऊ आणायची, फळा रंगीत खडूंनी सजवायची. दहावीची मुलं शाळेला समई नाहीतर भिंतीवरचं घड्याळ द्यायची, खाली ऑइलपेंटने बॅचचं साल घातलेलं. त्यातली काही घड्याळं अजून चालू आहेत.

मालवणकरीण: निरोपात सुतकी काय आहे? गणपतीला आपण निरोपच देतो ना? आणि उत्तरपूजेत 'पुनरागमनाय च' म्हणतो, विसर्जनाच्या जागेवरची मूठभर वाळू घरी आणतो. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे. मोल्सवर्थच्या कोशात निरोपाचे दोन्ही अर्थ आहेत, सांगावा आणि जाण्याची परवानगी. मोठ्यांचा निरोप 'घेऊन' निघायचं, ते या दुसऱ्या अर्थाने. परीक्षेला निघालेल्या मुलांसाठी याहून चांगला शब्द कुठला?

दापोली: आपल्याकडे तयार शब्द आहे, सोडमुंज! गुरुगृही शिकणं संपवून घरी परतायचा संस्कार, संस्कृतात समावर्तन. विद्यापीठवाले दीक्षान्त म्हणतात ते त्याच वळणाचं. 'पदवीदान' मात्र मला खटकतं. मेहनतीने मिळवलेल्या पदवीचं दान कसलं?

वेंगुर्ले: दान म्हणजे नुसतं देणं, त्यात भीक नाही. आणि सोडमुंज पत्रिकेवर घालाल तर वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची मुंज झालेलीच नसते, मुलींची तर नाहीच. शाळा सगळ्यांची आहे. माझ्या आजीचा शब्द होता बोळवण. गौरींची बोळवण, माहेरवाशिणीची बोळवण. वेशीपर्यंत सोबत जायचं, हाती काहीतरी द्यायचं.

निवृत्त शिक्षक, गुहागर: ताई, आज 'बोळवण केली' म्हटलं की काहीतरी थातुरमातुर देऊन वाटेला लावलं, असाच अर्थ निघतो. पालक काय समजतील?

वेंगुर्ले: म्हणून शब्द टाकून द्यायचा? वापरला तर अर्थ परत वर येईल.

शुद्धलेखन, रत्नागिरी: 'सेंडॉफ' सुचवणाऱ्यांना आठवण करून देतो. सावरकर १९२४ ते १९३७ याच गावात स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी इथूनही धरला. 'महापौर' शब्द त्यांनी दिला, तो आज सगळ्यांच्या तोंडी आहे. आपण प्रयत्नच सोडला तर रुजणार काय?

मालवणकरीण: रुजला कारण लोकांनी उचलला. 'नभोवाणी' नाही उचलला, रेडिओच राहिला. आमच्याकडे तर म्हणतात, "पोरांका एसटीर पोचवून येतंय." पोचवणं हाच मला यातला सगळ्यात खरा शब्द वाटतो. पण पत्रिकेवर 'पोचवणी' कोण छापणार?

दापोली: मी छापेन.

खाडीकाठची (देवगड): पत्रिका उद्या जायची आहे आणि पाचवीच्या मुलांचं कुणी काहीच बोललं नाही.

वेंगुर्ले: 'स्वागत' पुरे की. आपल्याकडे शाळेत 'नाव घालतात'. माझे आजोबा म्हणायचे, "ओनामा केला." 'ॐ नमः सिद्धम्'चं ते रूप, पूर्वी मुलाला धुळाक्षरांच्या आधी हेच शिकवायचे.

शुद्धलेखन, रत्नागिरी: ते पहिलीसाठी. पाचवीला ओनामा कसला? आणि आधी 'श्रीगणेशा' की आधी 'ओनामा', हेही बघायला हवं.

वेंगुर्ले: आमच्याकडे आधी श्रीगणेशाय नमः, मग ओनामा. पाटीवर तांदूळ पसरून, त्यावर मुलाचं बोट धरून.

निवृत्त शिक्षक, गुहागर: तांदूळ ताटात पसरतात, पाटीवर नव्हे. पाटीला धूळ. म्हणून तर धुळाक्षरं.