घराणं आणि मेहनत
"हॉकीच्या घराण्यात जन्मली, तिला सगळं आयतं मिळालं," हे जर्मन हॉकीपटू नताशा केलरबद्दलचं मत मला पटत नाही.

घराणं मोठं, हे खरंच. आजोबा एर्विन 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेत्या जर्मन संघात होते. अंतिम सामन्यात ध्यानचंदांच्या भारताने त्यांना 8-1 हरवलं, म्हणजे हे नाव आपल्याही इतिहासात आहे! वडील कार्स्टन यांना 1972मध्ये म्युनिकला सुवर्ण, भाऊ आंद्रेयासला 1992मध्ये बार्सिलोनात.

पण विचार करा, अशा आडनावाचं ओझं किती असेल. बर्लिनर हॉकी क्लबची ही मुलगी 1994मध्ये राष्ट्रीय संघात आली, तेव्हा कशीबशी सतरा वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी अटलांटा ऑलिंपिक खेळली. तिथे जर्मनी सहावी. घरी पदकं असताना रिकाम्या हाताने परतायचं! तीनच वर्षांनी, 1999मध्ये, ती जगातली सर्वोत्तम महिला हॉकीपटू ठरली. वय बावीस.

ही मजल कुणी वारशात देत नाही हो. आणि सुवर्ण? त्यासाठी तिला 2004च्या अथेन्सपर्यंत थांबावं लागलं. अंतिम सामन्यात नेदरलँड्सला 2-1 हरवलं तेव्हा कुठे.