सोसायटी ग्रुप : मागच्या खोलीतल्या संगणकाचा आवाज दिवाणखान्यातल्या स्पीकरवर

कुलकर्णी काकू (ए-२०४): सर्वांना नमस्कार. आमच्या मागच्या खोलीतील डेस्कटॉपवर नाट्यसंगीताची बरीच ध्वनिमुद्रणे आहेत, परंतु चांगले स्पीकर दिवाणखान्यात जुन्या लॅपटॉपला जोडलेले आहेत. ब्लूटूथ लावले की दोन भिंतींपलीकडे आवाज तुटतो. डेस्कटॉपवर जे वाजेल ते घरच्या वायफायवरून थेट त्या लॅपटॉपवर ऐकता येईल का? दोन्हींवर लिनक्स मिंट २१ ही कार्यप्रणाली आहे.

अभिजित (सी-५०१): काकू, नक्की येईल, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागणार नाही. मिंट २१ मध्ये आवाजाचे सगळे काम पल्सऑडिओ हा प्रोग्रॅम पाहतो आणि नेटवर्कवरून आवाज पाठवण्याची सोय त्यातच आहे. दोन्हीकडे पॅप्रेफ्स हा छोटा प्रोग्रॅम आणि पल्सऑडिओचे झिरोकॉन्फ मॉड्यूल (नेटवर्कवरची साधने आपोआप शोधणारा जोडभाग) बसवा. मग लॅपटॉपवर ‘नेटवर्कवरून वापरू द्या’ आणि डेस्कटॉपवर ‘नेटवर्कवरची ध्वनीसाधने दाखवा’ अशा अर्थाच्या पर्यायांवर खूण केली की डेस्कटॉपच्या आवाजाच्या यादीत लॅपटॉपचे स्पीकर दिसू लागतील. मिंट २२ पासून पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आला आहे, त्यामुळे अपग्रेड केल्यास ही मांडणी पुन्हा तपासावी लागेल.

कुलकर्णी काकू (ए-२०४): आमचे वायफाय तसे मंदच आहे. एवढा भार त्याला झेपेल का?

देशमुख काका (बी-१०३): वहिनी, भाराची चिंता करू नका. सीडीच्या दर्जाचा आवाज, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे), प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या, अजिबात न दाबता पाठवला तरी तो सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट एवढाच होतो. अडचण येते ती वेळेची. आपल्या इमारतीत प्रत्येक घराचा राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर गर्दी करून बसलेला असल्यामुळे एखादे पॅकेट, म्हणजे आवाजाचा एक तुकडा, क्षणभर अडकते आणि तेवढ्यात स्पीकरकडे आधी येऊन थांबलेल्या आवाजाचा साठा संपला, तर आवाज तुटतो. डेस्कटॉप जागचा हलत नाही, म्हणून निदान तो तरी लॅन केबलने राउटरला जोडा. त्याच पॅप्रेफ्समध्ये मल्टिकास्टचा, म्हणजे एकच आवाज एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवण्याचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. बरेच राउटर मल्टिकास्टची पॅकेटे वायफायवर सर्वांत संथ वेगाने पाठवतात आणि मग घरातल्या सगळ्यांचेच इंटरनेट रखडते.

स्नेहल (बी-६०२): आमच्याकडे विंडोजवर आवाज पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. आवाज उत्तम येतो, परंतु तासाभराने कधीतरी ‘टक्’ असे होते. हेही वायफायमुळेच का?

देशमुख काका (बी-१०३): इतक्या ठरावीक अंतराने होत असेल, तर मला दोन संगणकांच्या घड्याळांचा संशय येतो. प्रत्येक साउंडकार्ड (संगणकातला आवाजाचा भाग) स्वतःच्या घड्याळातल्या स्फटिकाच्या गतीने चालते. दोघांच्या गतीत दहा लाखांत ५० इतका फरक असला, तरी तासाभरात तो १८० मिलिसेकंदांवर जातो. पाठवणारा आपल्या गतीने ढकलत राहिला आणि घेणाऱ्याने ती गती जुळवून घेतली नाही, तर साठा कधीतरी रिकामा होतो किंवा ओसंडतो, आणि तोच टक्. अभिजितने सांगितलेल्या पद्धतीत स्पीकरकडील बाजू लागेल तसे नमुने मागून घेते, त्यामुळे गाणी वाजवताना हा प्रश्न येत नाही.

अभिजित (सी-५०१): एक गोष्ट राहिली. त्याच पॅप्रेफ्समध्ये ‘ओळख पटवण्याची गरज नाही’ असाही एक पर्याय आहे आणि झटपट काम व्हावे म्हणून बहुतेक जण त्यावर खूण करतात. तसे केल्यास तुमच्या वायफायवर आलेले कोणतेही यंत्र लॅपटॉपवर आवाज वाजवू शकते, हे एक वेळ चालेल, परंतु ते लॅपटॉपचा मायक्रोफोनही ऐकू शकते. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना आपण किती सहज देतो, ते आठवा. त्यापेक्षा पल्सऑडिओची ‘कुकी’ नावाची २५६ बाइटची फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवावी, म्हणजे ती ज्याच्याकडे आहे त्यालाच प्रवेश मिळतो. लॅपटॉपचा माइक लागत नसेल, तर तो बंदच करून टाका.

कुलकर्णी काकू (ए-२०४): माइक आजच बंद करते. आणि चित्रपट पाहताना ओठ पुढे, शब्द मागे असे होईल का?

अभिजित (सी-५०१): थोडे होऊ शकते, कारण तुटू नये म्हणून साठा ठेवायचा म्हणजे उशीर आलाच. गाण्यांना त्याने काहीच फरक पडत नाही. चित्रपटाच्या वेळी आवाज मागे वाटला, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जे’ ही कळ दाबा. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद पुढे सरकतो. जास्त सरकला, तर ‘के’ दाबून मागे घ्या.