चोखंदळ वाचकाच्या हाती काय ठेवावं? तुमचे अनुभव सांगा

सांडगी मिरची

मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दीड महिना घरात. वय एकोणसत्तर, सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनवर. वाचतो खूप, आवडत काहीच नाही. मागच्या आठवड्यात चार पुस्तकं घेऊन गेले. एक अकराव्या पानावर मिटलं, "हा मला शहाणा करायला निघालाय" म्हणून. दुसऱ्यात महाभारतातलं कोणीतरी दोन पानांचं स्वगत म्हणायला लागलं, तेही बंद. तिसऱ्याला "छान आहे" म्हणाला. त्याच्या तोंडून "छान आहे" आलं की त्या पुस्तकाचं तेरावंच घालावं. कविता? "हल्ली कवितेत पाऊस फार पडतो."

तरी त्याला पुस्तक हवंय, आणि अवघडच हवंय. "डोक्याला जरा काम लागू दे," हे त्याचंच वाक्य. याद्या देऊ नका, याद्या पोत्यानं मिळतात. अशा छळवादी माणसाला तुम्ही स्वतः एखादी कठीण कादंबरी किंवा कवितासंग्रह दिला असेल, तर पुढे काय झालं ते लिहा. फसलं असेल तर ते आधी लिहा.

डेबिट क्रेडिट

फसलेल्यापासून सुरुवात करतो. आमचे भाऊजी ऑडिटमधले. वाढदिवसाला किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' दिली. पहिला आक्षेप मुखपृष्ठावरच. "सात सक्कं बेचाळीस." म्हटलं, भाऊजी, तीच तर गंमत आहे. गंमत त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटली नाही.

चौथ्या दिवशी फोन. "तुमच्या प्रतीत बांधणी चुकलीय. फॉर्म पुढेमागे लागलेत. दुकानदाराकडून बदलून घ्या." मी शपथेवर सांगितलं की १९७४ साली ती आली तेव्हापासून अशीच आहे. कुशंकचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी येतं, आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते आपणच लावायचं. ते गप्प झाले. मग एक जाड वही घेतली, रकाने पाडले: पान, ठिकाण, बाई कोण, कुशंकचं अंदाजे वय. मी पाहिलीय ती वही. तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली आहे. परवा भेटले तर म्हणाले, "एक बाई जादा येतेय. जुळत नाहीये." बहीण माझ्याशी बोलत नाही. पुस्तकही अजून परत आलेलं नाही, त्यामुळे फसलं म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

काउंटरच्या आतून

तीस वर्षं वाचनालयात देवघेवीला बसले, आता निवृत्त. फुकटचा सल्ला देते. चोखंदळ वाचकाला "काय आवडतं?" असं विचारू नका, तो भलीमोठी नावं सांगतो आणि आपण फसतो. "कुठल्या पानावर सोडलंत?" असं विचारा. ते त्याला बरोब्बर आठवतं.

आमच्याकडे एक मालवणी गृहस्थ यायचे, बोटीवर नोकरी करून आलेले. कुठलंही पुस्तक दोन दिवसांत परत, आणि आत खुणेला एसटीचं तिकीट तसंच राहिलेलं. मला चाळा लागला, तिकीट कुठे आहे ते बघायचा. पुष्कळ तिकिटं जमल्यावर लक्षात आलं, कादंबरीतली गरीब माणसं छापील बोलायला लागली की यांचं तिकीट तिथे. मग उद्धव शेळक्यांची 'धग' दिली, १९६० सालची. वऱ्हाडातलं घर, संसार एकटीच्या पाठीवर ओढणारी कौतिक. निवेदन साधं प्रमाण मराठी, पण माणसं तोंड उघडतात ती अस्सल वऱ्हाडीत. दुसऱ्या दिवशी दारात उभे. "बाईनू, माका अर्धा कळाक नाय."

म्हटलं, मोठ्याने वाचा. घरात कोणी नसताना, ओठ हलवून. मग दहा दिवस फिरकलेच नाहीत. आले ते रिकाम्या हाताने, मुदत वाढवून मागायला. म्हणाले, तिचं जे काही होतंय ते बघवत नाही, पण आता मधेच सोडून कसा येऊ? दंड झाला होता. मी लिहिला नाही.

पावशेर

मैत्रिणीला ग्रेसांच्या 'संध्याकाळच्या कविता' दिल्या. तिसऱ्या दिवशी परत. आत चिठ्ठी: "आवाज सुंदर आहे. काय म्हणतोय ते कळलं की मला कळव."

झिरो माइल

@पावशेर, कळायलाच पाहिजे असं कुठे आहे? आमच्या नागपुरात लोकांना ग्रेस पाठ होते, आणि अर्थ विचारला तर भांडण व्हायचं. मैत्रिणीला म्हणावं, रात्री दिवा मंद करून एकदा वाच, मग बोलू.

पावशेर

विचारलं. म्हणाली, दिव्याने काय होणारे.

मार्केटयार्ड

माझ्या मित्राचं भुसाराचं दुकान आहे. वाचणारा माणूस, पण कवितेचं नाव काढलं की "रसग्रहण करा, पाच गुण" असं म्हणून हसायचा. शाळेने त्याच्यापुरती कविता संपवली होती. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तांदळाच्या पोत्यावर मर्ढेकर उघडून ठेवला. पान मुद्दाम काढलेलं, पिपात मेलेल्या उंदरांची कविता. आणि चहा सांगायला बाहेर गेलो.

मी स्वतः कॉलेजात त्या कवितेवर यंत्रयुग, महायुद्धानंतरची पोकळी, मानवी अगतिकता असं चार पानं लिहिलं होतं. परत आलो तर हा तराजूला टेकून उभा. म्हणाला, "ह्याने बघितलंय."

काय बघितलंय?

"पिपात उंदीर पडला की वर येता येत नाही. आतली भिंत गुळगुळीत असते ना. रात्रभर नखांचा आवाज येतो, खर्र खर्र. पहाटे कधीतरी थांबतो. आपल्याला झोपेत पण कळतं, थांबला म्हणून."

माझी चार पानं तिथल्या तिथे रद्दीत गेली. नंतर त्याला सांगितलं, हा माणूस रेडिओत नोकरीला होता, १९४७ साली 'काही कविता' आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून तो निर्दोष सुटला. "कवितेवर खटला?" एवढंच म्हणाला आणि पुस्तक गल्ल्यात टाकलं. गल्ल्यात टाकणं म्हणजे त्याच्याकडे तिजोरीतच ठेवणं.

सांडगी मिरची

@काउंटरच्या आतून, तुमचं ऐकून मामाकडे जाऊन आले. तो खुणेला टेलिफोनच्या जुन्या बिलांच्या घड्या वापरतो. कपाट उघडून सोळा पुस्तकं काढली आणि घड्या जिथे होत्या तिथली पानं वाचत बसले. पाऊस नाही, स्वगतंही फार नाहीत. जवळपास सगळीकडे एकच प्रकार. लेखकाने काहीतरी दाखवलंय, छान दाखवलंय, आणि पुढच्या परिच्छेदात ते समजावून सांगितलंय. मामाला म्हटलं, तुझी दुखरी नस सापडली. तर म्हणतो, "तार जोडली की आवाज येतोच. वर खांबावर चढून 'आवाज आला बघा' असं ओरडायचं कशाला?"

खवट खोबरं

अवघड पुस्तकाचं हे एक नवीनच सोवळं निघालंय. माणसाचा गुडघा दुखतोय, त्याला हलकंफुलकं काही द्या की. आमच्या वडिलांना आजारपणात मी पण असंच काहीतरी थोर आणून दिलं. त्यांनी उशीखाली ठेवलं आणि समोरच्या काकांकडून रहस्यकथा मागवल्या. मला ते गेल्यावर कळलं.

गवती चहा

मावशी, मराठीची निवृत्त शिक्षिका, डोंबिवली. शब्दकोशाशिवाय झोपत नाही. तिला म्हटलं, तुझ्या कोशात नसलेली मराठी वाचायची आहे का? आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' दिला, मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या जगण्याच्या कविता. तिने आधी खाकी कव्हर घातलं, शेजारणी येतात म्हणून. मग पेन्सिलीने मागच्या कोऱ्या पानावर न कळलेल्या शब्दांची यादी करायला घेतली, वर्गात मुलांना सांगायची तशी.

रविवारी सगळे जेवायला होतो. पानावर श्रीखंड. मावशीने चष्मा लावला आणि यादीतला पहिला शब्द जावयाला विचारला. तो लालबागचा. ठसका लागला बिचाऱ्याला. मावशी शांतपणे पाणी पुढे करून म्हणाली, "तुम्ही मुंबईत वाढलात ना? मग माहीत असायला हवा." दुसरा शब्द विचारला तेव्हा तो हात धुवायला उठला.

संध्याकाळी तिने प्रस्तावना वाचली. पुस्तक १९७२चं, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि त्यांनीही काही शब्द आपल्याला कळले नाहीत हे मोकळेपणी लिहून टाकलंय. ते वाचून तिला फार बरं वाटलं. आता म्हणते, तीस वर्षं मुलांच्या वह्यांत मी "ग्राम्य शब्द टाळा" असं लाल शाईने लिहीत आले. पुढे काही बोलत नाही. यादी मात्र ४१ शब्दांवर गेलीय आणि जावई दोन रविवार आलेला नाही.

तापीकाठ

भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' मी स्वतः पूर्ण केलेली नाही, कबूल. २०१०मध्ये आली त्या आठवड्यात घेतली, आणि मोहेंजोदडोच्या उत्खननात मीच गाडला गेलो. ती प्रत काकांकडे गेली. काका केळीवाले, सही करण्यापुरतं पेन धरणारे, पण वाचताना पक्के खोडकर. त्यांनी उत्खनन सरळ ओलांडलं आणि खंडेराव मोरगावला घराकडे निघतो तिथून धरली. सहाशे पानांचं पुस्तक त्यांनी अधूनमधून, कुठूनही, गूळ खाल्ल्यासारखं तोडून तोडून वाचलं. मी विचारलं, अवघड नाही गेलं? म्हणाले, अवघड काय त्यात, जगण्याची अडगळ म्हणजे आपला माळा. मोडकी पाभर, तुझ्या आजीचा पाळणा, धाकट्याच्या लग्नातलं मखर. "टाकवत नाही आणि उपयोग नाही. त्याने सगळं खाली काढून मोजलंय."

दूरदेशी

स्टुटगार्टहून. इथला माझा एक सहकारी पुण्याचा, कविता फक्त इंग्रजीत वाचतो, मराठी कविता म्हणजे भावगीत असं त्याचं मत. कोलटकरांच्या 'जेजुरी'चा मात्र भक्त. एकदा फार आव आणून म्हणाला, आता मूळ मराठी 'जेजुरी' वाचायला हवी. म्हटलं बाबा, मूळ इंग्रजीच आहे, १९७६ची. मराठी नंतर आली, कोलटकर २००४मध्ये गेले त्यानंतर कित्येक वर्षांनी. त्याचा चेहरा पडला तो क्षण मी साधला आणि 'भिजकी वही' हातात दिली.

जाडजूड पुस्तक, पानापानावर रडणाऱ्या बायका, जगभरच्या आणि सगळ्या काळांतल्या. हिपेशिया कोण? नादेज्दा कोण? आमचा एक हिवाळा त्यात गेला. दर रविवारी फोनवर एक कविता, तो वाचणार, मी ऐकणार. अलेक्झांड्रियाच्या गणिती बाईला जमावाने मारलं तो भाग त्याने अर्ध्यात थांबवला, म्हणाला उद्या वाचतो. नवऱ्याच्या कविता कागदावर ठेवायची सोय नाही म्हणून तोंडपाठ करून जपणाऱ्या नादेज्दावर तो इतका अडकला की पुढचे तीन आठवडे आम्ही हललोच नाही. हे कठीण पुस्तक आहे, पण भाषा कठीण नाही. एकेक बाई वाचून झाली की लगेच दुसरीकडे वळता येत नाही, एवढंच.

त्याला आवडलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं की तो मत देईल.

बारीक अक्षर

जाड पुस्तकांचीच चर्चा चाललीय म्हणून मधे तोंड घालते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. दोन बैठकांत संपते. युरोपातून परतणारी बोट, जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू माणसं, चक्रधर आणि हॅर्टा. माझ्या दिराने "एवढीशी?" म्हणून घेतली आणि नंतर आठवडाभर कोणतंच पुस्तक उघडलं नाही. शेवट सांगत नाही.

अर्धा कप

मामांच्या तारेच्या वाक्यावरून मला श्याम मनोहरच सुचतात. ते भौतिकशास्त्राचे शिक्षक, ते लिहिण्यातही दिसतं. आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठांना 'उत्सुकतेने मी झोपलो' दिली होती, २००८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. ते म्हणाले, गोष्ट कुठाय? वाक्यं पहिलीच्या पुस्तकासारखी सोपी आहेत आणि मला काही कळत नाहीये, हा काय प्रकार आहे? पुढच्या महिन्यात एका मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत असताना ते मधेच म्हणाले, "आपल्याला हे खरंच जाणून घ्यायचंय का?" मी खाली बघून हसलो. समजावून सांगणं मात्र त्या पुस्तकात मामांना शोधून सापडणार नाही.

सांडगी मिरची

तीन नेली: 'रणांगण', मर्ढेकर आणि 'उत्सुकतेने मी झोपलो'. मर्ढेकर त्याने न विचारता स्वतःच्या उशाशी ठेवला. 'रणांगण' एका रात्रीत वाचली. सकाळी मामी म्हणाली, चहा गार झाला तरी बोलले नाहीत.

श्याम मनोहरांच्या पुस्तकाचं नाव वाचून खो खो हसला, टाके दुखले म्हणून मलाच शिव्या. काल गेले तेव्हा झोपला होता, पुस्तक छातीवर. बिलाची घडी हळूच बघितली, ६० च्या आसपास होती. आज परत गेले तर तीच घडी ३१ वर. इतक्या वर्षांत त्याची खूण मागे आलेली मी पाहिली नव्हती. विचारायला तोंड उघडलं, तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "चहा टाक. आणि बोलू नकोस."