बाह्य एसएसडीवर एन्क्रिप्टेड लिनक्स बसवले, पण ते घरच्या लॅपटॉपशिवाय कुठेच सुरू होत नाही

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी ऊसतोड कामगार महिलांच्या मुलाखतींवर संशोधन करते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, त्यांचे लेखी रूपांतर आणि सहभागी महिलांची खरी नावे व गावे असलेली यादी मला घरी, महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत आणि मार्गदर्शकांच्या कार्यालयात अशा तीन ठिकाणी लागते. ज्या मुकादमाकडून उचल घेतली आहे त्याच्याविषयी या बायका माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या आहेत. ती यादी दुसऱ्या कोणाच्या हाती पडली, तर त्याची झळ त्यांना बसेल. म्हणून ५०० जीबीची एक एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये बसवून तिच्यावर संपूर्ण लिनक्स टाकावे, ते एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असावे आणि कोणत्याही संगणकाला जोडून काम करता यावे, असे मी ठरवले.

इन्स्टॉलरमध्ये मी बाह्य डिस्क निवडली, एन्क्रिप्शनचा पर्याय घेतला आणि बूटलोडरसाठीही (यंत्रणा सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) तीच डिस्क दाखवली. आता दोन अडचणी आहेत. घरच्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला असेल तर पासफ्रेज (परवलीचे वाक्य) विचारली जाते आणि सर्व काही नीट चालते. मात्र ड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब>’ एवढेच उमटते आणि विंडोजपर्यंत पोहोचण्यासाठी दर वेळी एफ-१२ दाबून निवड करावी लागते. दुसरीकडे, महाविद्यालयातील संगणकाच्या बूट मेनूत हा ड्राइव्ह दिसतच नाही. सर्व पुसून पुन्हा बसवावे लागेल का? आणि मी घेतलेले एन्क्रिप्शन या कामासाठी पुरेसे आहे का?

चुंबकसूची

पुन्हा बसवण्याची गरज नाही. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. बूटलोडरसाठी आपण बाह्य डिस्क दाखवली असली, तरी अनेक इन्स्टॉलर यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असलेल्या संगणकावर ती निवड पाळत नाहीत. संगणकात आधीपासून असलेले ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवण्याचा विभाग) शोधून ग्रब या बूटलोडरच्या फायली तिथेच ठेवतात. त्यामुळे आपल्या लॅपटॉपच्या आतील डिस्कवर ग्रब जाऊन बसला आहे, त्याला लागणारी बाकीची सामग्री बाह्य ड्राइव्हवर आहे आणि ड्राइव्हवरचे स्वतःचे ईएफआय पार्टिशन बहुधा रिकामे पडले आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तसे फिरत्या ड्राइव्हचे सर्व बिऱ्हाड त्याच्यावरच असले पाहिजे. आपल्या ड्राइव्हचा उंबरठा मात्र दुसऱ्याच घरात राहिला आहे.

दुरुस्तीसाठी त्याच लिनक्स वितरणाच्या लाइव्ह (काही न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून, यूईएफआय पद्धतीनेच संगणक सुरू करावा. ‘क्रिप्टसेटअप ओपन’ या आज्ञेने एन्क्रिप्टेड पार्टिशन उघडताना एक काळजी घ्यावी: ड्राइव्हवरील ‘क्रिप्टटॅब’ फाइलमध्ये त्याला जे नाव दिलेले आहे, नेमके तेच नाव इथेही द्यावे. नाव वेगळे पडले, तर पुढे इनिटरॅमएफएस (सुरू होतानाची छोटी प्राथमिक यंत्रणा) नव्याने बनवताना एन्क्रिप्शनची नोंद त्यातून गळू शकते आणि पासफ्रेज विचारणारा पडदाच येत नाही. या चुकीपायी मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. एलव्हीएम (डिस्कचे लवचिक विभाग करणारी व्यवस्था) असल्यास त्याचे विभाग जागे करावेत, मग मूळ फाइलप्रणाली, तिच्यात ‘बूट’ पार्टिशन आणि शेवटी बाह्य ड्राइव्हचेच ईएफआय पार्टिशन माउंट करून (जोडून) ‘सीएचरूट’ या आज्ञेने ड्राइव्हवरच्या यंत्रणेच्या आत जावे.

आत गेल्यावर सर्वप्रथम ‘एफएसटॅब’ ही, कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणारी फाइल पाहावी. तिथे ‘/बूट/ईएफआय’साठी आतील डिस्कवरील पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला आढळेल. तो बदलून ड्राइव्हवरच्या पार्टिशनचा लिहावा, अन्यथा दुसऱ्या संगणकावर यंत्रणा नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन थांबेल. त्यानंतर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय जोडून चालवावी. या पर्यायामुळे बूटलोडर ‘ईएफआय/बूट’ या फोल्डरात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या नावाने ठेवला जातो. अनोळखी ड्राइव्ह जोडल्यावर कोणत्याही संगणकाचे फर्मवेअर (त्याच्यातच बसवलेला मूळ प्रोग्राम) हेच नाव शोधते. महाविद्यालयातील संगणकाला ते सापडले नाही, म्हणून त्याने ड्राइव्ह दाखवला नाही. तेथे सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असेल, तर शिम हे स्वाक्षरी केलेले पॅकेजही ड्राइव्हवर असावे लागते.

डेबियन आणि उबुंटूच्या कुळातील वितरण असल्यास ग्रबचे पॅकेज ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने पुन्हा जुळवून घ्यावे. काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावरही बूटलोडर ठेवावा का, याला ‘हो’ आणि संगणकाच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या कायम स्मृतीत) नोंद करावी का, याला ‘नाही’ असे उत्तर द्यावे. हे राहून गेले, तर पुढच्या एखाद्या अद्ययावतीकरणात ड्राइव्ह ज्या संगणकाला जोडलेला असेल, त्याच्या फर्मवेअरमध्ये नोंद होईल. दुसऱ्याच्या संगणकावर असा माग सोडणे मला तरी योग्य वाटत नाही.

घरच्या लॅपटॉपवर ‘ईएफआयबूटएमजीआर’ या आज्ञेने फर्मवेअरच्या बूट यादीतील लिनक्सची नोंद काढून विंडोजची नोंद पहिली करावी. आतील ईएफआय पार्टिशनवरून फक्त त्या वितरणाच्या नावाचे फोल्डर काढावे. ‘मायक्रोसॉफ्ट’ या फोल्डरला हात लावू नये. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटच्या मांडणीत बदल झाल्यावर ती मागितली जाण्याची शक्यता असते.

कुलूपकिल्ली

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. आजचे बहुतेक इन्स्टॉलर लक्स२ ही लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शन पद्धत वापरतात आणि हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या ड्राइव्हच्या बाबतीत ते भक्कम आहे. पण आपल्या ड्राइव्हवर ‘बूट’ आणि ईएफआय ही दोन पार्टिशने उघडीच असतात, त्यामुळे ड्राइव्ह काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात राहून परत आला, तर त्या दोन ठिकाणी कोणी फेरफार केला असण्याची शक्यता उरते. तसेच यंत्रणा चालू असताना किल्ली संगणकाच्या रॅममध्ये असते, तेव्हा चहाला जाताना पडदा लॉक करून भागत नाही. संगणक पूर्ण बंद करून ड्राइव्ह सोबत न्यावा.

मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते हेडरविषयी. लक्समध्ये पासफ्रेजने प्रत्यक्ष माहिती उघडत नाही. पासफ्रेजने एक मुख्य किल्ली उघडते, आणि ती किल्ली कुलूपबंद स्वरूपात पार्टिशनच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, असते. लक्स२चे हेडर सामान्यतः १६ एमबीचे असते. त्यातील वर्णनाच्या दोन प्रती असतात, परंतु किल्ल्यांचा भाग एकदाच लिहिलेला असतो. तो पुसला गेला, तर योग्य पासफ्रेज माहीत असूनही काहीच मिळत नाही.

माझ्या ड्राइव्हवरील पार्टिशनचा प्रकार चुकून विंडोजचा नोंदवला गेला होता. एका सहकाऱ्याने तो विंडोजला जोडला, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ अशी चौकट आली आणि त्याने मदत करण्याच्या भावनेने ‘हो’ म्हटले. ‘लक्सहेडरबॅकअप’ या आज्ञेने काढलेली प्रत घरी एका पेनड्राइव्हवर होती, म्हणून हेडर परत बसवता आले. काही फायली कायमच्या गेल्या, पण बाकीचे काम वाचले. आपणही ही प्रत आजच काढावी आणि ड्राइव्हपासून वेगळी, सुरक्षित ठेवावी. मात्र ही प्रत ज्याच्याकडे असेल त्याला जुनी पासफ्रेज पुढेही चालते, त्यामुळे पासफ्रेज बदलल्यावर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्यावी. हेडरची प्रत म्हणजे मुलाखतींची प्रत नव्हे. त्या दुसऱ्या एका एन्क्रिप्टेड डिस्कवर असल्याच पाहिजेत.

पासफ्रेज रोमन लिपीत ठेवावी. ती विचारली जाते तेव्हा देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध नसतो. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि कोणत्याही कळफलकावर उमटवता येतात.

मांजराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. चुंबकसूची यांनी सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती केली आणि ड्राइव्ह महाविद्यालयातील संगणकावर सुरू झाला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांची परवानगी आधी घेतली होती. आता दोन लहान शंका आहेत. मार्गदर्शकांच्या २ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर बरोबर पासफ्रेज देऊनही कुलूप उघडत नाही. तसेच मी काम करून गेल्यानंतर प्रयोगशाळेतील विंडोजचे घड्याळ मागे पडते, अशी तक्रार आली आहे.

कुलूपकिल्ली

पहिल्या शंकेचे कारण आर्गॉन२, म्हणजे पासफ्रेजपासून किल्ली बनवणारी पद्धत, असावे. पासफ्रेज ओळीने तपासून पाहणाऱ्याला ते काम महाग पडावे, म्हणून लक्स२ प्रत्येक प्रयत्नाला भरपूर रॅम खर्च करायला लावते, आणि हे प्रमाण पासफ्रेज ठरवताना जो संगणक हाताशी असेल त्यावरून, जास्तीत जास्त १ जीबीपर्यंत, ठरते. आपल्या नव्या लॅपटॉपवर ते वरच्या टोकाला गेले असणार. घरी ‘लक्सकन्व्हर्टकी’ ही आज्ञा देऊन ‘पीबीकेडीएफ-मेमरी’चे मूल्य २६२१४४, म्हणजे २५६ एमबी करावे आणि हेडरची प्रत पुन्हा घ्यावी. संरक्षण थोडे उणे होते, ते पासफ्रेजमध्ये एक शब्द वाढवून भरून काढावे.

चुंबकसूची

घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडत असणार. लिनक्स संगणकाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. ड्राइव्हवरील यंत्रणेत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा द्यावी.

मांजराकाठ

घड्याळ बरोबर साडेपाच तासच मागे होते. दोन्ही बदल केले. जुन्या संगणकावर आज कुलूप उघडले आणि तिथेच बसून एक मुलाखत लिहून पूर्ण केली. हेडरची नवी प्रत घेतली आहे, जुनी पुसली आहे, आणि मुलाखतींची दुसरी एन्क्रिप्टेड प्रत रविवारी तयार करणार आहे.