माळेगावच्या यात्रेतून पोनी घेताना

दादा, पोरीच्या इव्हेंटिंगसाठी (घोडेस्वारीची तिहेरी स्पर्धा) नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, घ्यावा का असं विचारलंत, तर घ्या पण अंगावरचे केसांचे भोवरे आन रंग बघून नका घेऊ. बाजारात भाव मिळतो रवाल चालीला (न उसळता झपझप चालणं) आन नाचाला, इव्हेंटिंगला मात्र ड्रेसाज (शिस्तीतल्या चाली), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातून अडथळे पार करत धाव), जंपिंग (मैदानात अडथळ्यांवरून उड्या) तिन्ही एकाच जनावराकडून पाहिजे, म्हणून ट्रॉट-कँटर, म्हणजे दुडकी आन हलकी दौड, साफ हवी. नाल काढून खांद्यापाशी उंची मोजा, १४८ सेंमीच्या वर गेला की तो पोनी राहत नाही. मी मागं घेतलेल्या घोडीच्या पुढच्या पायाची नस (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गरम होती, हात फिरवला असता तर तिथंच कळलं असतं, बिचारी सहा महिने लंगडली. कडक जमिनीवर पळवून बघा, जनावरांचा डॉक्टर सोबत न्याच. आन विकणारानं पण खोड लपवू नये हो, वर लेकरू बसणार असतं.