"तुम्ही काय, आमचेच!" – शेजारी देशांतले अनुभव

भाषा, सणवार, तोंडवळा सगळं जवळपास सारखं, देश मात्र वेगळा. मोठ्या देशातला माणूस आपुलकीने बोलतो आणि शेजाऱ्याला ते झोंबतं, असं तुम्ही कुठे पाहिलंत? लिहा. राजकारणावरची भांडणं कृपया इथे नकोत.

▪ काठमांडूत नोकरीला होते. आमच्याकडचे पाहुणे देवनागरी पाट्या पाहून हमखास म्हणायचे, "हा तर आपलाच मुलूख!" वर भारतीय नोटा पुढे करायचे. (नोटा चालतात, एका रुपयाला १.६० नेपाळी हा दर १९९३ पासून ठरलेला आहे.) घरमालकीणबाई हसून सोडून द्यायच्या. पण कुणी "आमचा बुद्ध" म्हणालं की लगेच, "लुंबिनी कुठे आहे, माहितीय ना?" नेपाळ इंग्रजांच्या राज्यात कधीच नव्हता, हे त्या न विचारता सांगायच्या. १८१६ च्या इंग्रजांबरोबरच्या सुगौली तहात बराच मुलूख गेला, तो विषय मात्र त्यांच्याकडून कधी निघाला नाही!

२०१५ ची गोष्ट निघाली की हसू मावळायचं. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आणि पाठोपाठ सीमेवर अडकलेले ट्रक. गॅस मिळेना, चूल पेटवावी लागली. नाकेबंदी आम्ही केली नाही, नव्या घटनेवर नाराज मधेशींच्या (भारताला लागून असलेल्या तराईतल्या लोकांच्या) आंदोलनामुळे ट्रक अडले, असं भारत सरकारचं म्हणणं. ते तिथे कुणालाच पटलेलं मला दिसलं नाही. "भाऊ म्हणता, मग भावासारखं वागा ना," एवढंच त्या म्हणायच्या.

▪ ऑकलंड, न्यूझीलंड. इथल्या माणसाला ऑस्ट्रेलियन समजलात तर १९८१ चा ट्रेव्हर चॅपलचा तो सरपटी चेंडू (न्यूझीलंडला षटकार मारता येऊ नये म्हणून या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला होता) ऐकावा लागतो, आणि ऐकवणाऱ्याचा तेव्हा जन्मही झालेला नसतो! गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या घटनेत राज्यांची व्याख्या करताना न्यूझीलंडचंही नाव आहे. न्यूझीलंडवाले त्यांच्यात सामील झालेच नाहीत. तरी २५ एप्रिलला, अँझॅक दिनी (दोन्ही देशांच्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी), दोघं एकत्र मान झुकवतात. ती वेळ चिडवाचिडवीची नसते, हे इथे शाळकरी पोरालाही कळतं.

▪ ऑस्लोत मला फारसं झोंबणं दिसलं नाही. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून लढाईविना वेगळा झाला. पुढे तेल सापडलं आणि स्वीडिश पोरं इथे कामाला येऊ लागली. दोघं एकमेकांवर यथेच्छ विनोद करतात, कुणी मनावर घेत नाही. पारडं समान झालं की जमतं बहुतेक.

▪ ऑस्लोकर, पटलं. पण नेपाळचं पारडं समान होईपर्यंत पाहुण्यांनी निदान "आपलाच मुलूख" म्हणणं थांबवावं. त्याला तेल लागत नाही.