आखाड्यावरच्या विकेट, पाट्यावरच्या धावा

रामबागकर
काल इथे एकानं लिहिलं: 'मार्च २०२३ च्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीची इंदूरच्या होळकर स्टेडियमवरची खेळपट्टी म्हणजे सरळ लबाडी होती. असल्या आखाड्यावर, म्हणजे पहिल्यापासून चेंडू वळणाऱ्या धुळीच्या पिचवर, घेतलेल्या विकेट गोलंदाजाच्या खात्यात धरूच नयेत.' वाचलं आणि रात्रभर डोक्यात तेच. म्हणून सविस्तर लिहितो.

लबाडी कोणाशी केली? टॉस आपण जिंकला, बॅटिंग आपण घेतली, १०९ मध्ये आपणच आटोपलो. ऑस्ट्रेलियाच्या कुह्नेमननं १६ धावांत पाच गडी घेतले. दुसऱ्या डावात लायननं ६४ धावांत आठ. ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकली. आपल्या सोयीची खेळपट्टी केली म्हणता, तर ती सोय पाहुण्यांनी जास्त वापरली. त्यांच्या ख्वाजानं त्याच मातीवर ६० केले, आपल्या पुजारानं ५९. ज्याला पाय वापरता आले तो टिकला.

आता आयसीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा, न्याय बघा. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचा सामना दोन दिवसांत संपला, ३४ गडी पडले. त्या खेळपट्टीला 'सरासरीपेक्षा कमी' आणि एक डिमेरिट गुण, म्हणजे मैदानाला लागणारा दंडगुण. आपल्याकडे सामना तिसऱ्या दिवसात गेला, तर 'खराब' आणि तीन गुण! तेव्हाच्या नियमानं पाच वर्षांत पाच गुण जमले की मैदानावर वर्षभर आंतरराष्ट्रीय सामना नाही. अपील केल्यावर तिनाचा एक झाला, पण तोवर जगभर इंदूरचं नाव झालं होतं.

खरोखर वाईट खेळपट्टी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. २५ डिसेंबर १९९७, इंदूरचंच नेहरू स्टेडियम, भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना. मी दहावीत होतो. बाबांनी ऑफिसातल्या कोणाकडून तरी दोन तिकिटं मिळवली होती, आईनं पराठे बांधून दिले होते. तीन षटकं झाली आणि खेळ थांबला. एक चेंडू घोट्याशी, दुसरा हनुवटीशी. दोन्ही कप्तान, सचिन आणि रणतुंगा, पिचवर उभे राहून बोलत होते आणि आम्ही डबाही उघडला नव्हता. तो सामना रद्द झाला तेच बरोबर झालं, कोणाचं डोकं फुटलं असतं. धोकादायक त्याला म्हणतात. चेंडू वळला म्हणून २०२३ ची खेळपट्टी धोकादायक होत नाही.

पुण्यातला_इंदूरी
पोस्ट माझी आहे, उत्तरही मीच देतो. लोकमान्य नगरात वाढलो, नोकरीसाठी पुण्यात आहे, त्यामुळे 'बाहेरचा' म्हणू नका.

दोन्ही संघांना सारखंच वाईट दिलं की ते न्याय्य होतं का? सगळ्या वर्गाला अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर आला, तर पहिला आलेला हुशार ठरत नाही. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांचा अहवाल आठवा. सामन्याच्या पाचव्याच चेंडूला वरचा थर फुटला. उसळी शेवटपर्यंत असमान. पहिल्या दिवशी १४ गडी, दुसऱ्या दिवशी १६. कसोटीची खेळपट्टी हळूहळू झिजत जावी, चौथ्या-पाचव्या दिवशी वळावी. इथे नाश्त्यालाच पाचवा दिवस वाढला.

आणि तुमचा खरा मुद्दा विकेटचा असेल, तर आपल्या गावचंच उदाहरण देतो. लेगस्पिनर नरेंद्र हिरवानी. जानेवारी १९८८, चेन्नई, वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात १३६ धावांत १६ गडी. खेळपट्टी अर्धीकच्ची होती हे तेव्हाही लिहिलं गेलं. सगळ्या कारकिर्दीत १७ कसोटींत मिळून ६६ विकेट. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका आखाड्यावर. याला थोरपण म्हणायचं?

काळी_माती
एका क्लबच्या मैदानावर मी २२ वर्षं रोलर फिरवतोय, म्हणून बोलतो. २०२३ चा हा सामना आधी धर्मशाळेला ठरला होता. तिथलं आउटफिल्ड तयार नाही म्हणून १३ फेब्रुवारीला इंदूर ठरलं आणि १ मार्चला पहिला चेंडू. सोळा दिवस! पाणी मारायचं, मुरू द्यायचं, रोलर फिरवायचा, सुकू द्यायचं, परत पाणी. हे चक्र घाईनं होत नाही. त्यात लाल माती लवकर पाणी सोडते आणि वरून भुसभुशीत होते. काळी माती ओल धरून ठेवते, भेगा पडल्या तरी ढेकूळ सुटत नाही.

याच मैदानावर २०१६ मध्ये कोहलीचे २११ झाले, २०१९ मध्ये मयंक अगरवालचे २४३. तेव्हा कोणी विचारलं नाही की पिच कोणी केलं. गडी पडले की मात्र सगळ्यांना माळी आठवतो.

लेगस्पिनवाली
मला हिरवानींबद्दलच्या ओळीवरच बोलायचं आहे, बाकी भांडण तुम्ही भांडा.

त्या सामन्यात भारतानं पहिल्या डावात ३८२ केले. कपिलनं शतक ठोकलं, १०९. रामननं दुसऱ्या डावात ८३. तेच पिच, तीच धूळ. म्हणजे खेळता येत होतं. वेस्ट इंडिज १८४ आणि १६०, त्यात रिचर्ड्ससारखा माणूस. आपला दुसरा फिरकीपटू अर्शद अयूबही त्याच पिचवर टाकत होता ना? त्याला का नाही मिळाले सोळा? चष्मा लावलेला १९ वर्षांचा पोरगा आणि त्याची गुगली, म्हणजे उलटा वळणारा चेंडू, कोणाला कळत नव्हती, हे कारण आहे.

मी ८-९ वर्षांची असताना मोठा भाऊ गल्लीत हिरवानींची नक्कल करायचा. त्याचं बघून मी मनगट फिरवायला शिकले. पुढे युनिव्हर्सिटीपर्यंत खेळले. निवडीच्या वेळी आम्हा मुलींना सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून दिली जायची. चेंडू वळायचाच नाही. कोच म्हणाले, 'पोरींनी कशाला लेगस्पिनच्या नादी लागायचं, सरळ टाक.' दोन वर्षं सरळ टाकलं आणि जो एक गुण माझ्या हातात होता तोच गेला. तेव्हा आखाड्यावर सोप्या विकेट मिळतात म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्पिनरला आयुष्यात दहा पिचेस आपली मिळतात, बाकी नव्वद बॅटरची.

सयाजीगंज
वडोदऱ्याहून लिहितोय. त्या चेन्नईच्या सामन्यात सहा गडी यष्टिचीत झाले हे कोणीच कसं लिहिलं नाही? सहाही यष्टिरक्षक किरण मोरेंनी केले, त्यातले पाच एकाच डावात. आमचा माणूस. असमान उसळीच्या पिचवर फिरकीला स्टंपमागे उभं राहून बघा एकदा.

रामबागकर
मोरेंचं मान्य, शंभर टक्के. आणि लेगस्पिनवाली ताई, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. पाट्यावरच्या, म्हणजे सपाट पिचवरच्या, धावांतून कोणी कधी वजावट केली का? १९४७ चा रणजी अंतिम सामना घ्या. बडोद्यानं आमच्या इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ ची भागीदारी केली, गुल महंमद ३१९, विजय हजारे २८८. २००६ पर्यंत कुठल्याही गड्यासाठी जगातली ती सर्वांत मोठी भागीदारी होती. सपाट पिचवर झाली म्हणून तिला कोणी नावं ठेवली? मग हिरवानींचे सोळा का कमी करायचे?

सयाजीगंज
हजाऱ्यांना मध्ये ओढायचं कारण नव्हतं. ते फक्त पाट्यावर खेळले का? १९४८ ला अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली, समोर लिंडवॉल-मिलरसारखे वेगवान गोलंदाज. तुमच्या सी. के. नायुडूंच्या संघाला तेव्हा कोणी अडवलं होतं विकेट घ्यायला?

रामबागकर
सी. के. नायुडूंबद्दल जपून बोला. भारताचा पहिला कसोटी कर्णधार आहे तो. होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली, त्यामागे तो माणूस आहे. एका सामन्यावरून त्यांना मोजता? हेच तर तुम्ही लोक हिरवानींचं करताय!

सयाजीगंज
मी हिरवानींविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा, मग ओरडा.

पुण्यातला_इंदूरी
रामबागकर, तुमचा 'धावांतून वजावट होत नाही' हा मुद्दा चुकीचा आहे. २०१७ च्या अ‍ॅशेसमध्ये मेलबर्नला इंग्लंडच्या कुकनं नाबाद २४४ केले आणि त्याच खेळपट्टीला 'खराब' शेरा मिळाला. पाट्यालाही शिक्षा होते.

रामबागकर
मैदानाला झाली. कुकच्या २४४ मधला एक आकडा कोणी खोडला का? ते त्याच्या नावावरच आहेत आणि असायलाच हवेत. तुम्ही म्हणता गोलंदाजाच्या खात्यातून काढा. फरक दिसतो का? तरी एवढं मान्य करतो की मेलबर्न मला आठवलं नव्हतं, आणि 'खराब' शेरा फक्त आपल्याकडच्या पिचेसनाच मिळतो असा जो माझा सूर होता, तो सोडतो. केपटाउनलाही २०२४ च्या जानेवारीत ६४२ चेंडूंत कसोटी संपली तेव्हा डिमेरिट गुण दिला होता. एकच, पण दिला.

पुण्यातला_इंदूरी
हिरवानींवर थोडं मागे येतो. १९९० ला ओव्हलवर त्यांनी एका टोकाकडून सलग ५९ षटकं टाकली होती. विकेट एकच मिळाली, पण मदत न करणाऱ्या पिचवर इतकं टाकणारा माणूस नुसता आखाड्याचा गोलंदाज नसतो. ते वाक्य घाईत लिहिलं.

इंदूरच्या पिचबद्दल मात्र नाही. मी का चिडलो ते सांगतो, म्हणजे कोणी पुण्यावरून बोलणार नाही. बाबा ७८ वर्षांचे. गुडघे गेलेत. त्यांना एकदा कसोटी मैदानात बसून बघायची होती. पहिल्या दोन दिवशी मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शुक्रवारची आणि शनिवारची तिकिटं काढली, पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलो. शुक्रवार म्हणजे तिसरा दिवस. बाबांना जिने चढवून जागेवर बसवेपर्यंत चार षटकं गेली. ऑस्ट्रेलियाला ७६ हव्या होत्या. एकोणिसावं षटकही पूर्ण झालं नाही. शनिवारची तिकिटं अजून कपाटात आहेत.

काळी_माती
हे वाईट झालं, भाऊ.

रामबागकर
हे आधी लिहिलं असतंत तर मी इतका तुटून पडलो नसतो. मी ९७ साली परत जाताना बाबांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नव्हतो. चूक त्यांची नव्हती आणि तेच माझी माफी मागत होते. तुमचा राग मला कळतो. पण 'लबाडी' हा शब्द काढा. सोळा दिवसांत मरमर केलेल्या माणसांना तो लागतो.

पुण्यातला_इंदूरी
लबाडी काढतो. 'वाईट' ठेवतो.

लेगस्पिनवाली
बाबा काय म्हणाले त्या दिवशी?

पुण्यातला_इंदूरी
रिक्षात बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अरे, काल आलो असतो तर लायनचे आठ बघायला मिळाले असते.'